चिडचिडीचं खरं माप

आईच्या आजाराचं निदान झालं त्या दिवशी मी रडले नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट समोर ठेवून पुढच्या सहा महिन्यांचं वेळापत्रक समजावून सांगितलं, आणि मी ते वहीत तारीखवार उतरवून घेतलं. पुढे केमोथेरपीचे दिवस आले, जागरणं आली, पांढऱ्या पेशी घसरल्या म्हणून पुढे ढकललेली सत्रं आली. सगळं निभावलं. नातेवाईक म्हणायचे, "किती खंबीर आहेस!" मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

माझा तोल गेला तो एका फॉर्मवरून. रुग्णाचं नाव, वय, पत्ता, आधीचे आजार, चालू औषधं, कशाची अॅलर्जी, ही सगळी माहिती त्या सकाळी तिसऱ्या खिडकीवर, तिसऱ्या कागदावर, तिसऱ्यांदा लिहायची होती. औषधांच्या नावांपर्यंत आले आणि पेनातली शाई संपली. काचेपलीकडे बसलेल्या बाईंवर मी अशी काही ओरडले की मागच्या बाकांवरचं बोलणं थांबलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला कळतंय ताई. पण हा फॉर्म मी नाही केलेला." आणि स्वतःचं पेन काचेखालच्या फटीतून पुढे सरकवलं.

त्या पेनाने मी उरलेला फॉर्म भरला. हात थरथरत होता.

अशा वेळी आपण एकमेकांना एक ठरलेला सल्ला देतो. जगात लोकांवर काय काय प्रसंग ओढवतात आणि आपण एका कागदावरून एवढं डोकं फिरवून घ्यायचं? जरा भान ठेव. हा सल्ला मलाही त्या दिवशी मिळाला आणि त्यात तथ्य आहे, हे मला मान्यच आहे. पण भान ठेवणं म्हणजे काय, ते कोणाच्या बाबतीत ठेवायचं आणि कुठे ते मुद्दाम बाजूला ठेवायचं, याचा आपण फारसा विचार करत नाही. परिणामी जिथे ते हवं तिथे आपल्याला सापडत नाही आणि जिथे नको तिथे आपण ते दुसऱ्याच्या तोंडावर मारतो. माझं म्हणणं असं की चिडचिडीला तिचं खरं माप द्यायला शिकलं पाहिजे. ते माप शून्य नसतं. ते पर्वताएवढंही नसतं.

शून्य नसतं, हे आधी. 1967 मध्ये थॉमस होम्स आणि रिचर्ड रे या दोन अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या 43 उलथापालथींची एक यादी केली आणि प्रत्येकीला गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू 100, लग्न 50, असे. वर्षभरातल्या गुणांची बेरीज मोठी झाली की आजारपणाचा धोका वाढतो, असा त्यामागचा विचार. बरीच वर्षं ताणाचा अभ्यास या यादीभोवती फिरत राहिला. मग 1981 मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी यादी काढली. तिच्यात होत्या 117 बारीकसारीक कटकटी. वस्तू हरवणं, वजन वाढणं, हातात वेळापेक्षा कामं जास्त असणं, अशा. 100 मध्यमवयीन माणसांनी महिनोन्‌महिने ही यादी भरली. आणि मनाच्या तक्रारींशी जास्त जवळचं नातं सापडलं ते मोठ्या घटनांचं नव्हे, या किरकोळ कटकटींचं.

याचा अर्थ वियोगापेक्षा हरवलेली किल्ली जास्त दुःख देते असा नाही. आधीच खचलेल्या माणसाला बारीक गोष्टीही जास्त टोचतात, तेव्हा कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे अशा अभ्यासातून पुरतं सुटं करता येत नाही. शिवाय पुष्कळशा कटकटी मोठ्या संकटाच्या पोटातूनच येतात. तो फॉर्म माझ्या हातात आला तो आई आजारी होती म्हणूनच. पण "एवढंसं तर आहे" हे वाक्य वस्तुस्थिती म्हणून चुकीचं आहे, एवढं मात्र यातून दिसतं. एवढंसं रोज, दिवसातून दहादा आलं की ते एवढंसं राहत नाही.

मला जास्त पटलं ते मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये मांडलेलं म्हणणं. मोठा आघात झाला की मन खडबडून जागं होतं आणि आपली सगळी शस्त्रं बाहेर काढतं. ते अर्थ शोधतं, कारणं लावतं, माणसं जमवतं, स्वतःला समजावतं. लहानशा टोचणीसाठी मात्र ही यंत्रणा हलतच नाही. मोडलेल्या पायाला प्लास्टर मिळतं, विश्रांती मिळते, घरभर सगळे त्याची काळजी घेतात; किंचित दुखावलेला गुडघा वर्षानुवर्षं तसाच ठसठसत राहतो, कारण त्याच्यासाठी डॉक्टरकडे कोण जातंय? म्हणून काही वेळा सौम्य त्रास हा तीव्र त्रासापेक्षा जास्त काळ टिकतो.

हे वाचलं तेव्हा मला ते सहा महिने उलगडले. निदानासाठी मी कंबर कसली होती. फॉर्मसाठी कोण कंबर कसतं?

मोठं दुःख सोसलं की माणूस शहाणा होतो, मग क्षुल्लक गोष्टींनी त्याचं काही बिघडत नाही, असंही आपण मानतो. मी मानत होते. आईचे उपचार संपले, पुढची तपासणी चांगली आली, आणि त्या संध्याकाळी मी स्वतःशी ठरवलं की आता या आयुष्यात कुठल्याही फालतू गोष्टीवर चिडायचं नाही. मनापासून ठरवलं होतं. तीन आठवडे टिकलं. चौथ्या आठवड्यात एका ऑनलाइन अर्जाने शेवटच्या पानावर मला बाहेर फेकलं आणि मी कीबोर्डवर मूठ आपटली. माझ्यापुरतं बोलायचं तर दुःख ही काही कायमची लस नाही.

याचं एक कारण 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका साध्या प्रयोगात दिसतं. पडद्यावर एकामागून एक ठिपके येतात, काही निळे, काही जांभळे, बरेचसे या दोहोंच्या मधले. निळा दिसला की सांगायचं. काही वेळाने प्रयोग करणारे निळे ठिपके गुपचूप कमी करत जातात. होतं असं की आधी ज्यांना लोक जांभळे म्हणत होते त्यांनाच आता निळे म्हणायला लागतात. निळे कमी होणार आहेत हे आधी सांगितलं तरी, आणि तसं न करण्यासाठी पैसे देऊ केले तरी. ठिपक्यांऐवजी चेहरे दाखवले तेव्हाही तेच झालं. धमकावणारे चेहरे कमी झाले तसे साधे चेहरे धमकावणारे वाटू लागले. मन संकटांची संख्या मोजत नाही. समोर जे आहे त्यातलं सर्वांत वाईट निवडून त्यालाच संकट म्हणतं. आईच्या पेशींची काळजी गेली आणि त्या काळजीची रिकामी खुर्ची ऑनलाइन अर्जाला मिळाली.

म्हणून भान ही एकदा मिळवून ठेवायची गोष्ट नाही. ती नखं कापण्यासारखी आहे. पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि केली म्हणून कुणी मोठा होत नाही.

राग बाहेर काढून टाकला की मोकळं वाटतं, असंही घरोघर सांगितलं जातं. 2002 मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी 600 विद्यार्थ्यांवर हे तपासलं. ज्याने अपमान केला त्याचा चेहरा मनात आणून काहींनी मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारले, काहींनी व्यायामाचा विचार करत मारले, काही नुसतेच दोन मिनिटं बसून राहिले. अपमान करणाऱ्याला आठवत ठोसे मारणारे सर्वांत जास्त रागावलेले निघाले. सर्वांत कमी आक्रमक ठरले ते नुसते बसलेले. दोन मिनिटं काहीही न करणं! मला हे फार दिलासा देणारं वाटतं, कारण ते कुणालाही जमण्यासारखं आहे. शहाणपण लागत नाही, अध्यात्म लागत नाही, फक्त तोंड मिटून दोन मिनिटं जाऊ द्यायची.

आणि खिडकीवर ओरडल्याने मला मोकळं वाटलं का? नाही. दिवसभर त्या बाईंचा चेहरा डोळ्यांसमोर होता. आपली रोजची चिडचिड जिथून येते तिथे ती जवळजवळ कधीच पोचत नाही, ही यातली खरी वाईट गोष्ट. फॉर्म ठरवणारा माणूस कुठल्या मजल्यावर बसतो हे मला माहीत नव्हतं. त्या बाई हाताशी होत्या. हेल्पलाइनवरचा मुलगा, दार उघडायला उशीर करणारा पहारेकरी, आणि दिवस मावळला की घरातली माणसं. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं, आणि वांगं नेहमी आपल्यापेक्षा दुबळं शोधायचं. ज्याला उलट बोलण्याची मुभा नाही त्याच्यावर आवाज चढवताना आपल्याला कधी भीती वाटत नाही, हे मी स्वतःवरून सांगते आहे. स्वतःच्या चिडीचं माप घ्यायला मला याहून चांगला प्रश्न सापडलेला नाही. ही झळ आत्ता कुणाला लागते आहे, आणि हे त्याने केलं आहे का?

आता दुसरी बाजू. हे माप दुसऱ्याच्या दुःखाला लावायचा अधिकार आपल्याला नाही, असं मला ठामपणे वाटतं.

आईच्या चौथ्या सत्रानंतरची गोष्ट. ती पडून होती. खोलीच्या पडद्याच्या दोन कडांमध्ये बोटभर फट राहायची आणि दुपारी तिथून उन्हाची एक तिरीप नेमकी तिच्या डोळ्यांवर यायची. ती दोन-तीनदा म्हणाली, "अगं, तो पडदा बघ." मी औषधांच्या वेळा, रक्ताचे रिपोर्ट आणि फोन यांत होते. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी म्हटलं, "आई, एवढा मोठा आजार अंगावर असताना तू पडद्याचं काय घेऊन बसलीस?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजाराकडे तुम्ही सगळे बघताय. पडदा माझ्या एकटीच्या डोळ्यांवर आहे."

मी उठले आणि दोन्ही कडा एकत्र घेऊन पिना लावल्या. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. माझ्या वाक्यालाही तेवढाच वेळ लागला होता.

"लोकांना याहून वाईट भोगावं लागतं" हे वाक्य आपण स्वतःला म्हटलं तर ते भान असतं. दुसऱ्याला म्हटलं की ते बहुतेक वेळा त्याचं तोंड बंद करण्याचं साधन होतं. त्याला तर्काचाही आधार नाही. जगातल्या सर्वांत दुःखी माणसालाच जर तक्रार करण्याचा हक्क असेल तर बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं, आणि तो एक कोण हे तरी ठरवायचं कुणी? एकाचा हात मोडला म्हणून दुसऱ्याचं भाजलेलं बोट थंड होत नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे आपणच एकीकडे म्हणतो आणि दुसरीकडे जळणाऱ्याला आकडेवारी ऐकवतो. शिवाय यात त्या "याहून वाईट" भोगणाऱ्यांचाही अपमान आहे. त्यांचं दुःख आपल्याला एरवी आठवत नाही. कुणाला तरी गप्प करायचं असलं की तेवढ्यापुरतं आठवतं.

सार्वजनिक व्यवहारात हेच वाक्य जास्त धोक्याचं होतं. व्यवस्था चालवणाऱ्यांना ते फार सोयीचं असतं. इथे लोक जीवनमरणाच्या लढाया लढताहेत आणि तुम्ही फॉर्मचं काय घेऊन बसलात, असं म्हटलं की तक्रार करणारा आपोआप खुजा ठरतो. मग फॉर्म वर्षानुवर्षं तसाच राहतो.

म्हणून गणित मांडून बघू. एकच माहिती पुन्हा लिहायला समजा दहा मिनिटं लागतात. माझ्या आयुष्यात दहा मिनिटं काहीच नाहीत, त्यांवरून रक्तदाब वाढवून घेणं हा निव्वळ वेडेपणा. पण तोच फॉर्म एक लाख माणसांनी भरला तर दहा लाख मिनिटं होतात. म्हणजे सोळा हजारांहून अधिक तास. म्हणजे अखंड, रात्रंदिवस मोजले तर जवळजवळ एक वर्ष अकरा महिने. आणि ही मिनिटं आजारी माणसांची आणि त्यांच्याबरोबर धावणाऱ्यांची असतात. एकच गोष्ट माझ्यासाठी लहान आणि सगळ्यांची मिळून मोठी असते, आणि दोन्ही मापं खरी असतात. आपण मात्र नेमकं उलटं करतो. जिथे ती लहान आहे तिथे, म्हणजे खिडकीवर, आकाशपाताळ एक करतो. जिथे ती मोठी आहे तिथे, म्हणजे नियम ठरवणाऱ्यांपर्यंत, दोन ओळी लिहून पाठवायचाही कंटाळा करतो. ओरडणं पाच सेकंदांत होतं. लिहायला संध्याकाळ जाते.

शिवाय एकच अडचण प्रत्येकाला सारख्या मापाची नसते. दारासमोरची एक पायरी चालणाऱ्या माणसाच्या लक्षातही येत नाही. पायाला प्लास्टर असेल तर ती कटकट होते. चाकांच्या खुर्चीवरच्या माणसाचा रस्ता तिथे संपतो. तेव्हा "त्यात काय एवढं" हे ठरवायला त्या पायरीवर आपण कुठून पोचलो आहोत ते आधी बघावं लागतं.

1 डिसेंबर 1955 रोजी अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरात रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंनी बसमधली आपली जागा एका गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. बसमधली एक जागा! जगात याहून मोठी दुःखं तेव्हाही होती, आणि त्यांनाही "थोडा वेळ उभं राहिलं तर काय बिघडतं" असं सहज म्हणता आलं असतं. पण गावातल्या कृष्णवर्णीयांनी 381 दिवस बसवर बहिष्कार टाकला. ते पायी गेले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले, आणि शेवटी न्यायालयाच्या निकालाने बसमधला तो भेद संपला. त्या जागेमागे एका समाजाला दुय्यम मानणारा कायदा होता. बस उशिरा येण्याचा त्रास आणि बसमधून उठवलं जाण्याचा त्रास, घड्याळ लावून मोजले तर सारखेच भरतील. पण पहिल्यात कुणी कुणाला कमी लेखलेलं नसतं. ज्या त्रासात तुच्छता आहे, त्याला किरकोळ म्हणायचा हक्क कुणालाच नाही, तो त्रास कितीही थोड्या मिनिटांचा असला तरी.

एक शंका मला कुणीतरी विचारेल असं वाटतं. माणूस शांत झाला की तो तक्रार करणंच सोडून देईल, रागाशिवाय काही बदलत नाही, मग भान ठेवा असं सांगणं म्हणजे लोकांना थंड करणं नाही का? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. राग लागतो, हे खरं. पण 381 दिवस पायी चालायला लागतो तो राग आणि कीबोर्डवर आपटलेल्या मुठीतला राग वेगळा. दुसरा भडकतो आणि संध्याकाळपर्यंत विझतो. त्याने फक्त जवळचं माणूस भाजतं. व्यवस्थेला तो चालतो. तिला खरा त्रास देतो तो माणूस, जो खिडकीवर नम्रपणे बोलतो, तारीख आणि वेळ लिहून घेतो, आणि महिन्याभराने पुन्हा विचारायला येतो.

मी त्या फॉर्मबद्दल पत्र लिहिलं. घटनेनंतर बऱ्याच महिन्यांनी लिहिलं, याचं मला वाईट वाटतं. पहिल्या खर्ड्यात माझ्या मनःस्तापाबद्दल एक लांबलचक परिच्छेद होता, तो काढून टाकला. कोणत्या खिडकीवर कोणती माहिती पुन्हा विचारली जाते ते तक्त्यात मांडलं. एकदा घेतलेली माहिती पुढच्या खिडकीवर का जात नाही, एवढंच विचारलं. औषधांची नावं पुन्हा पुन्हा हाताने लिहिताना एखादं चुकलं तर काय, तेही विचारलं. शेवटी लिहिलं की फॉर्म बदलायचा ठरलाच तर तिसऱ्या खिडकीवरच्या बाईंना आधी विचारा, कारण लोक कुठे अडतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसणार.

पाठवायच्या आदल्या दिवशी त्या बाईंना जाऊन भेटले. क्षमा मागितली. त्यांना मी आठवत नव्हते. "रोज कुणी ना कुणी ओरडतंच," त्या म्हणाल्या, "पण पत्राचा तेवढा काय निकाल लागतो ते सांगा."

अजून उत्तर आलेलं नाही. मागच्या तपासणीला आईबरोबर गेले तेव्हा तीन खिडक्या होत्या आणि तीन फॉर्म होते. मी दोन पेनं नेली होती. आईच्या औषधांची यादी घरून टंकून आणली होती, तिच्या तीन प्रती. तिसऱ्या खिडकीवर यादी फॉर्मला जोडून दिली. बाईंनी ती बघितली, टाचणी लावली आणि विचारलं, "दुसरं पत्र कधी पाठवताय?"

"येत्या सोमवारी," मी म्हटलं.